मेमध्ये यायला जमणार नाही

फ्रिस्को, टेक्सास

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर काही सांगायला गेलं की आई "बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात देते आणि बाबा "बघ, तुझं तुला कळतं" म्हणून ठेवून देतात. मग आठवडाभर दोघं आपापसात बोलत बसता आणि मला ते दादाकडून कळतं. म्हणून या वेळी लिहूनच काढलं. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणेल. बाबांनी डोळे ताणून वाचायचं नाही, आईने वाचून दाखवायचं.

मी नोकरी सोडते आहे. राजीनामा दिला, मार्चअखेर शेवटचा दिवस. मला कोणी काढलेलं नाही, कोणाशी वाजलेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे आणि घरात सगळं नीट आहे, हे आधीच सांगते. तुमच्या जावयांशी बोलूनच ठरलं. खरं तर तेच मागे लागले होते. सगळ्यांचा आरोग्य विमा त्यांच्या ऑफिसातून आहे, तो तसाच राहील. घराचा हप्ता एका पगारात बसतो. तुम्हाला दर महिन्याला पाठवते त्यातला एक रुपया कमी होणार नाही, तेव्हा बाबांनी "आता पाठवू नकोस" हे पालुपद सुरू करायचं नाही. एच-वन व्हिसावर होते तोवर स्वतःचं काही सुरू करायची मुभाच नव्हती, ती ग्रीन कार्ड आल्यावर मिळाली. चाळिशी उलटली, अजून किती थांबू?

तर, फोटो काढणार. शनिवार-रविवारी करत होतेच, तेच आता पूर्णवेळ. इथे बारावीच्या मुलांना सीनियर म्हणतात. शाळेच्या वार्षिक अंकासाठी ठरलेला स्टुडिओ सगळ्यांचे एकसारखे फोटो काढतो: मुलांना काळा कोट, मुलींच्या खांद्यांवर काळं कापड. पण पुष्कळ घरांत तेवढ्यावर भागत नाही. मूल घर सोडून कॉलेजला जाणार, म्हणून आईवडील वेगळा फोटोग्राफर ठरवून बाहेर, मोकळ्यावर फोटो काढून घेतात. एप्रिलमध्ये ब्लूबॉनेटच्या निळ्या फुलांत, मेमध्ये पदवीचा झगा-टोपी घालून, आणि पुढे उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंत नव्या बॅचचे. होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक मेळाव्याच्या, फुटबॉल सामन्याला इथल्या मुली छातीवर 'मम' लावतात, ते लावूनही फोटो हवा असतो. मम म्हणजे कापडी शेवंती, जेवणाच्या ताटाएवढी, तिला पायापर्यंत रिबिनी, घुंगरं आणि मधोमध छोटं अस्वल. आई, तू पाहिलंस तर म्हणशील, गौरीलासुद्धा आपण एवढं नटवत नाही.

बाबा, तुमच्या आग्फा क्लिक थ्रीचा नियम मात्र मला मोडावा लागला. सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी, म्हणजे उभं राहणाऱ्याच्या तोंडावर. एका रोलमध्ये १२ फोटो, आणि गणपतीपुळ्याच्या त्या रोलमध्ये बाराच्या बारा फोटोंत आपण सगळे डोळे मिचकावून उभे, माई आत्या तर कपाळावर हात धरून. त्या कॅमेऱ्याला तेवढं ऊन लागायचंच, तुम्ही तरी काय करणार. आता कमी उजेडात चालतं, म्हणून मी मुलांना सूर्याकडे पाठ करून उभं करते. केसांच्या कडेला सोनेरी रेघ येते, चेहऱ्यावर सावली राहते आणि डोळे नीट उघडतात. समोरून पांढरा रिफ्लेक्टर धरला की चेहरा उजळतो. तो मी मुलाच्या आईच्याच हातात देते, तिलाही काहीतरी काम मिळतं. ऊन डोक्यावर असेल तर झाडाखाली घ्यायचं, पण अगदी सावलीच्या कडेला, जिथून मोकळं आकाश दिसतं. आत सरकलं की पानांतून उन्हाचे ठिपके तोंडावर पडतात, आणि खाली हिरवळ असेल तर तिचा हिरवटपणा हनुवटीखाली चढतो. लेन्स ८५ एमएमची, फोकस जवळच्या डोळ्यावर. यंत्राचं काम एवढंच, बाकी सगळं बोलण्याचं.

ऑक्टोबरात एक मुलगा आला होता. ट्रोम्बोन वाजवणारा, ताडमाड उंच, जाड चष्मा, आणि हातांचं काय करायचं ते कळेना. हस म्हटलं की दात आवळायचा. चष्म्याच्या काचेत आकाश चमकत होतं, म्हणून काड्या कानावरून जरा वर उचलायला लावल्या. फोटोत ते कळतही नाही. शेवटी म्हटलं, फोटो राहू दे, काहीतरी वाजव. त्याने वाजवायला घेतलं, मध्येच एक सूर घसरला आणि तो स्वतःलाच हसला. तोच फोटो त्यांनी मोठा करून भिंतीवर लावलाय. आणि माझा रिफ्लेक्टर का हलतोय म्हणून बघितलं, तर त्याची आई तो धरून रडत होती.

आई, मी पुण्याला होस्टेलवर निघाले त्या दिवशीचा आपल्याकडे एकही फोटो नाही. तू चिवड्याच्या डब्याला दोरी बांधत होतीस, एका गाठीवर दुसरी, आणि माझ्याकडे बघतच नव्हतीस. जे काही फोटो होते ते २०१९ च्या पुराने नेले. गावभागातल्या गच्चीवर अल्बमचा लगदा तू सांडग्यांच्या प्लास्टिकवर वाळत घातला होतास, व्हिडिओ कॉलवर दाखवलास, आणि मी "जाऊ दे गं" म्हणाले. म्हणून आता गिऱ्हाइकाला मी नुसती फाइल देत नाही, कागदावर छापूनही देते, आणि माझ्याकडे तीन ठिकाणी प्रती ठेवते. लोकांना वाटतं बाई फार काटेकोर आहे. वाटू दे.

बाबा म्हणतील, नानाकाकाच्या प्रेसचं काय झालं ते आठव. आठवतंय. म्हणूनच कर्ज नाही, गाळा नाही, स्टुडिओचं भाडं नाही. कॅमेरा आहे तोच, लेन्स सेकंडहँड. काम करताना कोणी पडलं-झडलं तर माझ्या अंगावर यायला नको म्हणून विमा उतरवलाय. डॅलस अर्बोरिटमसारख्या बागेत धंद्याचे फोटो काढायचे तर पैसे भरावे लागतात, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगते. आणि विक्रीकर खात्यातल्या माणसाची मुलगी आहे मी! टेक्सासमध्ये फोटोवर विक्रीकर आहे: राज्याचा ६.२५ टक्के, स्थानिक धरून आमच्याकडे ८.२५. नुसत्या छापील फोटोवर नाही, फोटो काढण्याच्या फीवरसुद्धा. परमिट फुकट, भरणा मात्र तारखेला. माझ्या वह्या तुम्ही तपासायला घ्या, एक पावती कमी निघाली तर मग बोला.

रात्री-अपरात्री रानात एकटी हिंडते असंही मनात आणू नका. जूनमध्ये इथे साडेआठनंतर सूर्य मावळतो, त्याच्या आधीचा तासभर माझ्या कामाचा. तोवर जावई घरी आलेले असतात, मुलांची जेवणं मी करूनच निघते. फोटोला मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवंच, हा माझा नियम. ब्लूबॉनेटमध्ये कधीमधी साप असतात, हे दादाने सांगण्याआधी मीच सांगते. मी घोट्याच्या वर येणारे बूट घालते, काठीने गवत चाळवते, मगच कोणाला आत बसवते. इतकी वर्षं एसीत बसून मान आखडली होती, ती तरी आता सुटेल.

आता ज्याच्यासाठी दोन दिवस पत्र अडलं होतं ते. मेमध्ये मी येत नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी असेन असं त्यांना म्हटलं होतं, आणि आईने आंब्याच्या पेट्या सांगून ठेवल्या असतील हेही माहीत आहे. पण एप्रिल-मे हे इथले ऐन कामाचे दिवस, आणि पहिल्याच वर्षी ते सोडले तर राजीनाम्याला अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत काम थंडावतं. तेव्हा येते, संक्रांत धरून, चांगली महिनाभर. नोकरीत दोन आठवडे मिळायचे, त्यातला निम्मा वेळ झोप जुळवण्यात जायचा. मुलं आणि जावई नाताळच्या सुटीपुरते येतील, मी मागे राहीन. आई, तेव्हा रोज तुझ्या हातचा मऊ भात आणि मेतकूट, मी पातेल्याजवळच बसेन.

पण ऑपरेशन तोवर लांबवायचं नाही. "ती आली की करू" हे मी ऐकणार नाही. मोतीबिंदू पिकू द्यायचा असतो ही जुन्या काळची समजूत, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. पावसाळ्याआधी मिरजेला जाऊन उरकून टाका, दादाने रजा टाकली आहे. तोपर्यंत बाबांची साखर ताब्यात हवी, म्हणजे चहा बिनसाखरेचा, आणि "अर्धा चमचा" हे काही माप नाही. नंतर डोळ्याला पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही, डॉक्टर सांगतील तोवर स्कूटरला हात लावायचा नाही. थेंबांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

आईसाठी वेगळं. स्वयंपाकाच्या मावशी मीठ कमी घालतात म्हणून त्यांना घालवायचं नाही, मीठ कमी घालायला मीच सांगितलंय. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायला शनिवारी माणूस येईल, त्याला "आमचं चालतंय" म्हणून परत पाठवू नकोस. इन्व्हर्टरची बॅटरी दादा बदलून देईल. गुडघ्याचे व्यायाम सकाळचे सकाळीच. आणि माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. काय हवं असेल ते मावशींना सांग, नाहीतर दादा रविवारी येतो तेव्हा काढून ठेवायला लाव, आणि पुन्हा वर ठेवूच नकोस.

तुमची,
मनू