सॉफ्टवेअर निवडताना पुण्याचा फ्लॅट विसरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी गेली चौदा वर्षं लंडनच्या हॅरो भागात इलेक्ट्रिशियनची कामं करतो. कंपनी नाही, भागीदार नाही, हाताखाली कोणी नाही. याला इथे 'सोल ट्रेडर' म्हणतात. आपलं वृत्तपत्र रोज सकाळी फोनवर वाचतो. आज पत्र लिहितोय ते ब्रिटनमधल्या माझ्यासारख्या मराठी व्यावसायिकांसाठी आणि त्यांचे महाराष्ट्रातले हिशेब सांभाळणाऱ्या सीए मंडळींसाठीही.

६ एप्रिल २०२६ पासून इथे 'मेकिंग टॅक्स डिजिटल' आयकरालाही लागू झालं. व्हॅटसाठी ते २०१९ पासून आहेच. आता ज्याची धंद्याची आणि भाड्याची मिळून ढोबळ जमा ५०,००० पौंडांच्या वर आहे, त्याला नोंदी डिजिटल ठेवून दर तिमाहीला जमाखर्चाचा गोषवारा सॉफ्टवेअरमधूनच एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, पाठवावा लागतो. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० वर येईल आणि एप्रिल २०२८ पासून २०,००० वर. म्हणजे आज जे निवांत आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची पाळी दोन वर्षांत येणार.

'ढोबळ जमा' या शब्दाकडे नीट पाहा, कारण माझी चूक तिथेच झाली. माझ्या कामाची वर्षाची बिलं ४६,२०० पौंडांची. त्यातला तिसरा हिस्सा वायर, स्विचबोर्ड आणि व्हॅनच्या डिझेलमध्येच जातो. हातात उरतात ते तीस हजारांच्या आसपासच, म्हणून मी समजलो की हा नियम आपल्याला नाही. मग एचएमआरसीचं पत्र आलं. माझा पुण्यातला फ्लॅट महिना ४८,००० रुपयांनी भाड्याने दिलेला आहे. वर्षाचे ते साधारण ५,३०० पौंड होतात. २०२४-२५ च्या विवरणपत्रात मी ते प्रामाणिकपणे दाखवले होते. दोन्हींची बेरीज ५१,५००. ब्रिटनचा रहिवासी असलेल्या माणसाचं परदेशातल्या घराचं भाडंही या मर्यादेत मोजतात आणि नफा नव्हे, खर्च वजा होण्याआधीचा आकडा धरतात. पगार आणि लाभांश मात्र त्यात येत नाहीत. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल, तर प्रत्येकाचा आपापला हिस्साच धरला जातो.

मग सॉफ्टवेअर शोधायला बसलो. एचएमआरसी स्वतःचं सॉफ्टवेअर देत नाही, बाजारातलंच घ्यावं लागतं. मी आधीपासून फोनवरच्या एका ॲपमधून इन्व्हॉइस काढत होतो. काम संपलं की गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या उभ्या बिल पाठवायचं, वर माझा लोगो, खाली बँकेचा तपशील. फार आवडायचं ते मला. जाहिरातीत 'डिजिटल टॅक्ससाठी तयार' असंही लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते तयार होतं फक्त व्हॅटसाठी, आणि मी व्हॅटमध्ये नोंदलेलाच नाही. इन्व्हॉइस काढणं हे एक काम, आणि एचएमआरसीला तिमाही आकडे पाठवून वर्षअखेरीचं विवरणपत्रही त्यातूनच भरणं हे वेगळं काम. पहिलं उत्तम करणारी ॲप्स पुष्कळ आहेत. दुसरं पूर्ण करणारी त्यामानाने कमी, आणि काही तर तिमाही अहवालापाशीच थांबतात, म्हणजे ३१ जानेवारीच्या विवरणपत्रासाठी आणखी काहीतरी विकत घ्या. जुनी बिलं त्या ॲपमधून बाहेर काढायला गेलो तर एकेक पीडीएफ मिळत होती, तक्ता मिळतच नव्हता. दोन वर्षांची बिलं मी आणि मुलीने तीन रविवार बसून हाताने भरली. पैसे देण्याआधी नोंदी तक्त्याच्या रूपात बाहेर काढून पाहा, एवढं कळकळीने सांगतो.

दुसरी गोष्ट रोख पद्धतीची. २०२४-२५ पासून सोल ट्रेडरचा हिशेब, वेगळं काही निवडलं नसेल तर, रोख पद्धतीने धरतात. बिल केव्हा काढलं याला महत्त्व नाही, पैसे कधी हातात आले ते बघायचं. इन्व्हॉइसच्या सॉफ्टवेअरची घडण मात्र बिलाच्या तारखेवर असते. मी एका स्वयंपाकघराच्या वायरिंगचं १,१८० पौंडांचं बिल २७ जूनला पाठवलं, पैसे आले १४ जुलैला. सॉफ्टवेअरने रक्कम पहिल्या तिमाहीत टाकली. जायला हवी होती दुसऱ्या तिमाहीत. सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत एक खूण होती, ती बदलल्यावर जागेवर आली. बरं आहे की तिमाही आकडे वर्षाच्या सुरुवातीपासूनचे एकत्रित जातात, त्यामुळे मागची चूक पुढच्या अहवालात सुधारता येते. तरीही चाचणीच्या महिन्यात असं एक बिल मुद्दाम घालून पाहावं, रक्कम कुठे पडते ते लगेच कळतं.

आता फ्लॅटचं. धंद्याचा एक तिमाही अहवाल आणि परदेशातल्या घराचा दुसरा, असे वेगवेगळे पाठवावे लागतात. मी पाहिलेल्या पाच सॉफ्टवेअरपैकी दोनच परदेशी घराचं उत्पन्न घेत होती. विक्री विभागाला विचारलं तर 'प्रॉपर्टी आहे ना' एवढंच उत्तर मिळतं, पण ती प्रॉपर्टी ब्रिटनमधली असते. सरकारी जीओव्ही डॉट यूके या संकेतस्थळावर सॉफ्टवेअर शोधण्याची सोय आहे, तिथे उत्पन्नाचा प्रकार निवडून यादी गाळता येते. तिथूनच सुरुवात करा. माझं भारतातलं एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं बँक खातं) इथल्या सॉफ्टवेअरला जोडता आलं नाही, त्यामुळे भाड्याच्या नोंदी हाताने करतो. नोंद म्हणजे रक्कम, तारीख आणि प्रकार, बस. पावती स्कॅन करून चढवायची सक्ती नाही. रुपयाचे पौंड करायला एचएमआरसी दर महिन्याचे दर जाहीर करते, मी तेच वापरतो.

एक सोय मात्र मनापासून आवडली. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, पण तिमाही १ एप्रिल ते ३० जून अशी महिन्यांनुसार निवडता येते. मग ती भारताच्या आर्थिक वर्षाशी चपखल जुळते आणि पुण्याचे आकडे तोडावे लागत नाहीत. ही निवड त्या वर्षाचा पहिला अहवाल पाठवण्याआधी करावी लागते. ती सॉफ्टवेअरमध्ये कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा.

ज्यांचा एक्सेलवर हात बसलेला आहे त्यांनी ते सोडायची गरज नाही. जोडणारं सॉफ्टवेअर मिळतं, ते एक्सेलमधले आकडे उचलून पाठवतं. फक्त मध्ये कॉपी-पेस्ट चालत नाही. आणि सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही, ती सरकारी संकेतस्थळावर वेगळी करावी लागते.

आता सीए मंडळींना विनंती. माझे पुण्याचे सीए अतिशय सज्जन आणि काटेकोर. पण ते मला वर्षातून एकदा, जुलैत, भारताच्या विवरणपत्राची प्रत पाठवतात. त्यात घरभाड्यावरची ३० टक्के सरसकट वजावट असते. ती ब्रिटनमध्ये चालत नाही, इथे प्रत्यक्ष खर्च दाखवावा लागतो. घरपट्टी किती भरली, सोसायटीचा मेंटेनन्स किती, प्लंबरला किती दिले आणि कधी, हे तारखेनिशी लागतं. भाडेकरू टीडीएस कापून उरलेली रक्कम जमा करतो, मला मात्र इथे कापण्याआधीचं पूर्ण भाडं दाखवावं लागतं. कापलेल्या कराचं श्रेय वर्षअखेरीला मागता येतं, पण त्यासाठी कागद हवा.

तिमाही अहवालांच्या शेवटच्या तारखा ७ ऑगस्ट, ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी आणि ७ मे. यंदा ज्यांना हे सक्तीचं झालं, त्यांना पहिल्या वर्षी तिमाही अहवाल उशिरा गेल्याबद्दल दंडाचे गुण लागणार नाहीत. त्यानंतर प्रत्येक उशिराला एक गुण, आणि चार गुण झाले की २०० पौंड दंड. तेव्हा ज्या सीएंचे अशील ब्रिटनमध्ये राहतात, त्यांनी जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत मागच्या तीन महिन्यांचं पूर्ण भाडं, कापलेला टीडीएस आणि तारखेनिशी खर्च एका साध्या तक्त्यात पाठवावा. माझ्या सीएंना मी तसा कोरा तक्ता पाठवला आहे. पहिला भरून आला तो ९ जुलैला.

आपला,
एक मराठी इलेक्ट्रिशियन, हॅरो, लंडन