पट्टी वाळेपर्यंत थांबलेल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

पेठेतल्या जुन्या वाड्यांचे फोटो मी फिल्मवर काढते, हे तुम्हाला माहीतच आहे. माजघरात जेमतेम उजेड आणि बाहेर चौकात रखरखीत ऊन. चौक यायचा, माजघराच्या जागी नुसता काळोख. निगेटिव्हवर तिथे काहीच नसायचं. हे गाऱ्हाणं घेऊन मी बरेच उंबरे झिजवले. एका लॅबवाल्यानं निगेटिव्ह पाकिटातून बाहेरही न काढता "फिल्म जुनी असेल" म्हणून टाकलं. एका कार्यशाळेत दणदणीत फी घेऊन सरांनी अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सची थोरवी सांगितली आणि माझ्या प्रश्नावर म्हणाले, "स्कॅन करताना सावल्या उचलायच्या." अहो, फिल्मवर जे उतरलंच नाही ते उचलणार कुठून? आणखी एकांनी लेन्स बदलायला सांगितली. त्यांच्याकडे एक विकायला होतीच.

तुम्ही आधी निगेटिव्ह मागितल्यात. खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिल्यात, आणि त्याही कडेच्या आकड्यांपासून. "आकडे ठसठशीत आहेत, म्हणजे धुलाई बरी आहे. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुझ्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. उजेड कमी पडलाय." इतके महिने ते आकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते!

मग म्हणालात, "आता अंदाज बंद. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." कोरी भिंत, तीच लेन्स, तोच कागद. फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेड किती झटकन पकडते तो आकडा, दर वेळी वेगळा धरायचा आणि मीटरपेक्षा चार स्टॉप कमी देऊन (दर स्टॉपला उजेड निम्मा) एकेक चौकट घ्यायची. निगेटिव्हचा काळेपणा मोजणारा डेन्सिटोमीटर आपल्याकडे कुठला? कोऱ्या फिल्ममधून कागद पूर्ण काळा व्हायला कमीत कमी किती सेकंद लागतात ते काढलंत आणि तेवढ्याच सेकंदांत सगळ्या चौकटी छापल्यात. जी काळ्यापासून जेमतेम सुटी दिसेल, तिचा आकडा हाच आपल्या फिल्मचा खरा वेग.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हे पत्र. त्या छापलेल्या चौकटींची पट्टी ट्रेमधून निघाली. लाल दिव्यातून बाहेर आणून मी म्हटलं, "२५० ची सुटी दिसतेय, काका." तुम्ही मान हलवलीत. "ओली आहे. फायबर कागद वाळला की करडे रंग गडद होतात. वाळू दे." घरात हेअर ड्रायर नव्हता. तुमची सहाची एसटी होती. तुम्ही पट्टी टिपकागदात दाबून पंख्याखाली ठेवलीत, चपला पुन्हा काढल्यात आणि दुसरा चहा मागितलात. मे महिना, म्हणून तासाभरात वाळली. २५० ची चौकट काळ्यात बुडून गेली होती. २०० ची टिकली.

त्या तासात तुम्ही उटीच्या 'इंदू' फिल्मवर हात कसा बसवलात ते सांगितलंत. इंग्लंडातल्या विड्नेसच्या रसायन कारखान्यातले हर्टर आणि ड्रिफील्ड, दोघे फोटोग्राफीत हौशीच, १८९० मध्ये उजेड आणि काळेपणाचं नातं मोजून मांडून मोकळे झाले, तेही सांगितलंत. १९६० मध्ये फिल्मच्या वेगाच्या अमेरिकी मानकातली सावधगिरीची सूट बरीच कमी केली आणि त्याच फिल्मांच्या डब्यावरचा वेगाचा आकडा जवळपास दुप्पट झाला, हेही. एवढं ठाऊक असलेला माणूस एका वीतभर कागदासाठी एसटी सोडतो, आणि ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं त्यांना माझ्यासाठी पाच मिनिटं नव्हती. "बघून सांगतो" म्हणणारी माणसं जगात अजून आहेत, यावरचा माझा विश्वास तुम्ही परत आणलात. आणि तसं म्हणून खरंच बघणारी तर फारच थोडी.

पुढचं काम त्यामानानं सरळ होतं. वेग २०० धरल्यावर सावल्या मिळाल्या, पण आयडी-११ या डेव्हलपरच्या एकास एक (तेवढंच पाणी घातलेल्या) द्रावणात २० अंशांना १३ मिनिटं धुतल्यावर चौक पांढराफटक पडत होता. तो १० मिनिटांवर ताब्यात आला. मे महिन्यातलं पुण्याचं नळाचं पाणी, त्यामुळे बर्फावर बर्फ घालत बसलो होतो. माझा थर्मामीटर दोन अंशांनी खोटा निघाला, तेव्हा तुम्ही तुमचा ओट्यावर ठेवून गेलात, एक शब्द न बोलता.

आता माजघरातल्या फडताळावरची भांडी मोजता येतात. प्रिंट पाठवतेय, वाळल्यावर पाहूनच पाठवतेय.

एक मात्र आहे. आपण वापरला तो कागद आता मिळेना, दुसरा आणलाय, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. रविवारी येते. थर्मामीटर मागू नका, दिवाळीपर्यंत देणार नाही.

तुमची,
वाडेवाली