ऐक्य सप्ताहाची तयारी शाल-श्रीफळापासून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह पाळला जातो. आपल्या मराठवाड्यात कॅथलिक, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, पेंटेकॉस्टल अशा सगळ्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, सोयरीक आहे. लग्नाला, मयताला सगळे एकत्र येतात. एकत्र उपासना ठरली की मात्र गाडी अडते, आणि ती सिद्धान्तावर क्वचितच अडते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली, तेव्हा बालकांचा आणि प्रौढांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले. एवढी मोठी गाठ सुटते, तर खाली काय अडतं?

बहुतेकदा मान अडतो. पहिली रांग पाहुण्यांची, मग बारा जणांचा सत्कार, त्यानंतर प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. बायबलच्या वचनाला उरतात दहा मिनिटं. सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, हे याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते वाचायचं आणि खुर्च्या तशाच मांडायच्या! यजमान मंडळीच्या पाळकांनी त्या दिवशी संदेश देऊ नये, स्वागत करून खाली बसावं. सत्कार पूर्ण वगळावेत.

बारीक गोष्टी आधी ठरवल्या नाहीत तर ऐन वेळी चुकतात. प्रभूची प्रार्थना ‘वाइटापासून सोडव’पर्यंत आली की कॅथलिक बांधव थांबतात, बाकीचे ‘कारण की राज्य, सामर्थ्य’ म्हणत पुढं जातात. अर्धी सभा गप्प, अर्धी मोठ्यानं. कुठं थांबायचं ते सुरुवातीलाच जाहीर करावं. पेंटेकॉस्टल मंडळीत सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, इतरांना ती गडबड वाटते. दोन्ही पद्धतींना पाच-पाच मिनिटं द्यावीत. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, मात्र या उपासनेत ठेवू नये. कॅथलिक शिस्तीत सामाईक सहभागितेला सहसा परवानगी नसते, मग ऐन भाकरीपाशी अर्धे लोक बाजूला बसतात आणि दुखावून घरी जातात.

मंडळीच्या आतली फूट याहून कठीण. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात चुकलेल्या भावाशी बोलायच्या पायऱ्या स्पष्ट आहेत: आधी एकट्यानं, एकांतात, मग एक-दोन जणांना घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढं. आपल्याकडं सुरुवातच तिसरीपासून होते, तीही व्हॉट्सॲपवर. कमिटी बदलली की विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो रेंगाळला की जुने गट सह्यांचा अधिकार सोडत नाहीत, दोन्हीकडून अर्ज पडतात आणि दानपेटीचा पैसा वकिलाकडं जातो. निवडीच्या सभेतच इतिवृत्तावर सह्या घेऊन अर्ज भरायचा माणूस ठरवला, तर निम्मं भांडण उभंच राहत नाही. दानार्पण त्याच दिवशी दोन वेगळ्या घरांतल्या दोघांनी मोजावं, आकडा फलकावर लावावा.

हंगामाच्या सणात अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलावही आम्हाला खटकतो. ज्वारीचं कणीस किंवा कोंबडी चढ्या बोलीनं जाते, टाळ्या होतात, आणि रोजंदारीवरची बाई मूठभर तूर अर्पून मागच्या रांगेत बसून राहते. बोली ठेवायची तर ठेवा, पण मायकवरून नावं पुकारू नका. प्रीतिभोजनात तरी वाढायला कमिटीच्या सभासदांनी उभं राहावं. पौलानं करिंथकरांना ‘एकमेकांची वाट पाहा’ असं सांगितलं ते जेवणाबद्दलच.

जानेवारीची तयारी डिसेंबरात नाताळच्या गडबडीत होत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मंडळीतून दोघं, त्यात एक बाई, अशी बैठक घ्यावी, आणि ती सगळ्यांत लहान मंडळीच्या जागेत.

आपले,
मंडळीच्या कामातले काही सभासद, जालना