पिशवी काढण्याआधी तपासणी होऊ द्या : मदतीसाठी आवाहन

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरची एक बाई मंडळाच्या ओट्यावर येऊन बसली. वय ३४. सोळा दिवस झाले तरी अंगावरून जायचं थांबत नव्हतं, हिमोग्लोबिन ६ वर आलेलं. हातातल्या कॅरीबॅगेत सोनोग्राफीचा कागद आणि एका डॉक्टरांचा सल्ला : गर्भाची पिशवी काढून टाका. तिच्या नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लालजांभळे ठिपके होते. ते आशाताईंनी पाहिले आणि तिला अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला नेलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी, फक्त ११ हजार निघाल्या. पुढच्या तपासण्यांत ल्युपस हा आजार निघाला. सांधे दुखतात, केस गळतात, उन्हात गाल लाल होतात, हे ती तीन वर्षं सांगत होती. ऊसतोडीचा शीण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, आम्हीसुद्धा. गोळ्या सुरू झाल्या आणि जाणं आटोक्यात आलं. पिशवी शाबूत आहे.

बीड जिल्ह्याला हे दुखणं नवं नाही. २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

ल्युपस, आमवात, हाशिमोटो थायरॉईड, आयटीपी (यात प्लेटलेट कमी होतात) या आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. अशा बाईला पाळीत फार जात असेल तर कारण पिशवीतल्या गाठीत असेल, तसंच रक्तात, थायरॉईडमध्ये किंवा चालू औषधांतही असू शकतं. म्हणून आधी गरोदरपणाची चाचणी, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), गरजेप्रमाणे रक्त गोठण्याची तपासणी आणि सोनोग्राफी. पंचेचाळिशीनंतर पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासतात. अँटीफॉस्फोलिपिड या अशाच एका आजारामुळे रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या बाईला पाळीच्या इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या जिवावर बेतू शकतात. रक्त पातळ करणारी गोळीही मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारूनच.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोयता घेऊन निघतील. त्याआधी तपासण्या व्हायला हव्यात, कारण हंगामात दवाखान्याला गेलं की मुकादम खाडा लावतो आणि बाई दुखणं अंगावर काढते. एसटीला अर्धं तिकीट आहे, तो भार हलका झाला. पैसा लागतो तो बाहेरून कराव्या लागणाऱ्या तपासण्यांना आणि बुडणाऱ्या रोजाला.

देणगी मंडळाच्या कार्यालयात द्या, पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर एक दिवस द्या : दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसायला, इंग्रजी रिपोर्ट वाचून सांगायला. आणि घरात कुणाच्या अंगावरून फार जात असेल, जोडीला सांधे दुखत असतील, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी जुने सगळे कागद घेऊन आमच्याकडे या.

– आरोग्य समिती, महिला मंडळ