नव्या मत्स्यालयात आपला समुद्र दिसू द्या

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय,

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय कोविडच्या साथीत, २०२० मध्ये बंद झाले आणि अजून उघडलेले नाही. गावाहून पाहुणे आले की राणीची बाग आणि हे मत्स्यालय दाखवायचे, असे मुंबईकरांच्या कितीतरी घरांत ठरलेले असे. इमारत नव्याने बांधायची तर जरूर बांधा. माझे मागणे तिच्या आत काय असावे याविषयी आहे.

२०१५ च्या नूतनीकरणात काचेसारखा पारदर्शक बोगदा आला, दूरदेशीचे शोभेचे मासे आले. आता कोणीतरी आणखी मोठा बोगदा आणि त्यात मोठाले शार्क सुचवील. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. शार्कच्या पुष्कळ जातींना कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवण्यासाठी सतत पोहत राहावे लागते, टाकी त्यांना पुरत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने २००४ मध्ये पांढऱ्या शार्कचे पिल्लू आणले, १९८ दिवसांनी समुद्रात सोडले, आणि पुढे काही वर्षांनी हा प्रयोगच थांबवला. तरीही ते जगभर नावाजले जाते, कारण त्याने आपल्याच उपसागराचे जीवन मांडले. समुद्री शेवाळाचे अख्खे जंगल तिथे २८ फूट उंच टाकीत उभे आहे.

आपल्याकडे मांडण्यासारखे काय कमी आहे? भारताच्या किनाऱ्यालगत बांबू शार्क सापडतो. तो लहानखुरा, तळाशी निवांत पडून श्वास घेणारा. त्याच्या अंड्याची पिशवी उजेडासमोर धरली तर आत हलणारे पिल्लू दिसते! शाळेतल्या मुलांनी ते एकदा पाहिले तर मुशी, म्हणजे आपल्याकडचा शार्क, त्यांच्यासाठी फक्त कालवणातली राहणार नाही. सोबत पाकट, शेवंड, जिताडा, खडकांतली कालवे, खारफुटीतले खेकडे ठेवा. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ आहे, हे तर खुद्द मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नाही. पापलेटला राज्यमासा केलेत, त्याचेही आयुष्य उलगडून दाखवा.

व्हेल शार्क मात्र टाकीत नको. त्याला २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. जाळ्यात सापडलेला असा जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आपल्याच राज्याने २०१८ मध्ये आणली. ज्यांनी पोटापाण्याचे जाळे कापले, त्यांची छायाचित्रे आणि त्यांचे बोल मत्स्यालयाच्या भिंतीवर हवेत. मार्गदर्शक म्हणूनही कोळीवाड्यांतल्या तरुण-तरुणींना पगारी नोकरी द्या. मासा कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात असतो, हे त्यांच्या घरात बोलले जाते.

निविदा काढण्याआधी प्राण्यांची यादी ठरवायला कोळीवाड्यांचे प्रतिनिधी आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ यांना एकत्र बसवा, आणि आराखडा मराठीत जाहीर करून नागरिकांच्या सूचना मागवा.

आपला,
समुद्रावर जीव असलेला एक मुंबईकर