व्हिडिओ काढताय ना, मग गाव आणि तारीख तोंडाने बोला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीच्या ग्रुपवर एक प्रकार ठरलेला असतो आणि त्यावर कोणीतरी पेपरात लिहायला पाहिजे असं फार दिवस वाटत होतं म्हणून हे पत्र. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलंय, गाड्या तरंगतायत, कोणीतरी माडीवरून ओरडतंय असा व्हिडिओ येतो आणि खाली लिहिलेलं असतं "आत्ताची परिस्थिती, सगळ्या ग्रुपवर टाका". आता अवघड काय आहे तर हा व्हिडिओ खोटा नसतोच. तो २२ जुलै २०२१ चा असतो. त्या दिवशी वाशिष्ठी नदीचं पाणी खरंच दुकानं गिळत वर चढलं होतं, लोक खरंच छपरांवर अडकले होते आणि जीव मुठीत धरून त्यांनी ते मोबाइलवर काढलं होतं. फक्त ते आजचं नसतं, आणि बघणाऱ्याला हे कळायला त्या व्हिडिओत काहीच नसतं. पाणी २००५ च्या २६ जुलैचं असो, २०२१ चं असो की आज सकाळचं, दिसायला सारखंच दिसतं.

मग काय होतं तर वाडीच्या ग्रुपवरून तो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर जातो, तिथून विरार, डोंबिवली, नालासोपारा, आणि मग सगळे चाकरमानी एकदम गावी फोन लावायला बसतात. घरात आई-बाबा दोघंच असतात, पावसात लाइट गेलेली असते, फोन लागत नाही, मग शेजारच्या वहिनींना फोन, त्यांचाही लागत नाही, की कोणी रात्रीच गाडी काढून घाटाकडे निघतो. आणि त्याच्या जोडीला एखादा आवाजाचा मेसेज असतोच की धरणातून पाणी सोडलंय, पळा. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हापासून धरण म्हटलं की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यापर्यंत असला मेसेज जाणं म्हणजे काय हे पाठवणाऱ्याला कळत नसेल का.

मला घाबरण्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती त्याच्या नंतरच्या गोष्टीची. असं दोन-तीनदा झालं की माणसं शहाणी होतात आणि म्हणतात, अरे सोड, जुना व्हिडिओ असेल. आणि मग एखाद्या रात्री पाणी खरंच इशारा पातळीच्या वर जातं, कोणीतरी खालच्या पेठेतून खरा व्हिडिओ टाकतं, आणि तो बघूनही लोक सामान वर चढवत नाहीत. खऱ्या व्हिडिओवरचा विश्वास उडणं हे आमच्यासारख्या नदी आणि खाडीकाठच्या माणसांना परवडणारं नाही.

हे असं का पसरतं याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधल्या जवळपास सव्वा लाख बातम्यांचा प्रवास तपासला आणि २०१८ मध्ये 'सायन्स' मासिकात छापला. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या साधारण सहापट वेळ लागतो असं त्यात निघालं, आणि ते पसरवणारे मुख्यतः यंत्रं नसून तुमच्या-आमच्यासारखी माणसंच होती. नवलाची आणि भीतीची गोष्ट माणूस हातात ठेवत नाही, लगेच पुढे देतो. रील्सचं तर त्याहून पुढचं, तिथे तुम्हाला कोण ओळखतं याला फारशी किंमत नाही, लोक किती वेळ थांबून बघतात त्यावर ते पुढे ढकललं जातं, आणि पुराच्या पाण्यात वाहणारी गाडी बघायला कोण थांबणार नाही.

आणि गाव-तारीख कापली गेली की काय होतं ते महाराष्ट्राने बघितलंय. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरत होता, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षेसाठी तिकडच्या संस्थेने केलेली जाहिरात, आणि शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. तो शेवटच कोणीतरी कापला. लोकांना सावध करायला केलेली गोष्ट लोकांना पिसाळवायला वापरली गेली. अशाच अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असताना १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते भिक्षेकरी होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी गावोगाव फिरणारे. आपल्याकडेही असे फिरते लोक दरवर्षी येतात, म्हणून हे धुळ्याचं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं, २०२० च्या एप्रिलमध्ये जास्त फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, त्यावर दोन बाण दिसतात ते त्याचंच चिन्ह. चांगलं केलं. पण एका ग्रुपमध्ये दोनशे-चारशे माणसं असतात, आणि दोन बाण म्हणजे खूप फिरलेला, खोटा किंवा जुना असं नाही, हे गावात कितीजणांना माहीत आहे? माझ्या शेजारचे काका तर दोन बाण असले की मेसेज महत्त्वाचा आहे असं समजतात.

आता दुसरी बाजू. सरकारी इशारा आमच्या ग्रुपवर येतो तो कसा, तर पत्राचा फोटो. वर जावक क्रमांक, मग विषय, मग संदर्भ, मग "उपरोक्त विषयास अनुसरून", आणि तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी रेड अलर्ट. उभ्या मोबाइलवर दोन बोटांनी मोठं करून वाचायचं, ज्याला चष्मा लागतो त्याने काय करायचं? पत्र काढणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही, ती माणसं पावसात रात्र रात्र जागतात. पण तेच तीस सेकंदांत कोणीतरी ओळखीचा माणूस, तलाठी म्हणा, सरपंच म्हणा, कॅमेऱ्यासमोर उभा राहून आपल्या बोलीत बोलला की आज अमुक तारीख, आत्ता संध्याकाळचे सहा, दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांनी गुरं वर बांधा, तर तो व्हिडिओ पत्राआधी घरोघर पोचेल. पसरण्याचा जो गुण अफवेकडे आहे तो इशाऱ्याला द्यायला आपल्याला कोणी अडवलंय?

मच्छीमारांकडे बघा. पूर्वी बंदरावर धोक्याचा बावटा चढला की कळायचं, आजही चढतो, पण हर्णैपासून मिरकरवाड्यापर्यंत आणि खाली देवगड-मालवणपर्यंत खरी बातमी धावते ती तांडेलांच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांच्या, आवाजाच्या मेसेजवर. त्यात आधी बोटीचं नाव येतं, मग कुठून बोलतोय, वारा कुठला, कधीपासून सुटलाय, आणि शेवटी "होड्या आत घ्या". त्या माणसाचा आवाज ओळखीचा असतो, म्हणून कोणी शंका घेत नाही. अशी पद्धत त्यांना कोणी शिकवली नाही, समुद्रावर चुकीची बातमी देणाऱ्याची गय होत नाही म्हणून ती आपोआप आली.

जगात व्हायरल झालेल्या दोन गोष्टी इथे आठवतात. २०१४ मध्ये लोक डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेत होते ते पुष्कळांना नुसतं खूळ वाटलं, पण त्यातून एएलएस नावाच्या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एकट्या एएलएस असोसिएशनकडे ११ कोटी ५० लाख डॉलर जमले, कारण करायचं काय ते एकदम स्पष्ट होतं, पाणी ओता, देणगी द्या, तिघांची नावं घ्या. आणि २०१२ चा तो 'कोनी २०१२' नावाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ, सहा दिवसांत १० कोटी वेळा बघितला गेला, सगळं जग युगांडा युगांडा करत होतं आणि ज्याला पकडा म्हणून तो व्हिडिओ केला होता तो बंडखोर पुढारी जोसेफ कोनी तर काही वर्षं आधीच युगांडातून बाहेर पडलेला होता. एवढी मोठी मोहीम, पण कुठे आणि कधी हेच नीट सांगितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कोकणात पावसाळ्यात जो कोणी पाण्याचा, दरडीचा, पडलेल्या झाडाचा, उधाणाचा व्हिडिओ काढेल त्याने काढता काढता मोठ्याने बोलावं. "आज अमुक तारीख, सकाळचे साडेआठ, परशुराम घाट, दरड आलीय." पाच सेकंद लागतात. खाली लिहून उपयोग नाही, फॉरवर्ड होताना लिहिलेलं गळून जातं, कोणीही बदलतं, पण आवाज व्हिडिओतच राहतो. कोणी तो कापलाच तर निदान मुद्दाम कापला हे तरी दिसेल. ग्रुपच्या अ‍ॅडमिननी जूनच्या पहिल्या आठवड्यात नियम लावावा की गाव-तारीख बोललेली नसेल तर व्हिडिओ काढून टाकणार, आणि मुंबई मंडळांनी हाच नियम तिकडे लावावा, कारण खरा गोंधळ तिकडेच जास्त होतो.

नेटवर्कच गेलं तर यातलं काही चालणार नाही, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे दिवसचे दिवस ना लाइट होती ना फोन, तेव्हा देवळाचा आणि मशिदीचा भोंगा आणि दवंडी हीच कामाला येणार, तीही तयारी ग्रामपंचायतीने ठेवायलाच पाहिजे.

आणि एक विनंती तुम्हाला. तुमच्या पेपरच्या पेजवरही पुराचे व्हिडिओ पडतात आणि लोक ते उतरवून घेऊन पुढे पाठवतात. त्या प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात गाव, तारीख आणि वेळ शेवटपर्यंत दिसत राहील असं करा, आणि जुनं दृश्य दाखवायचं असेल तर साल मोठ्या अक्षरात टाका. जमलं तर मे महिन्यातच कोकण आवृत्तीच्या पहिल्या पानावर ही सूचना चौकटीत छापा, तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात आणि घरातली सगळी माणसं एकत्र बसून पेपर वाचतात.

आपली नम्र,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी