लिमातला मंगळवार

लिमा, पेरू,
मंगळवार, रात्रीचे साडेनऊ
(तुझ्याकडे बुधवारचे सकाळचे आठ)

प्रिय सुध्या,

कामातून एकच दिवस मोकळा मिळाला, तोही नेमका मंगळवार. सकाळी चालत वाका पुक्यानाला गेलो. मिराफ्लोरेसच्या उंच इमारतींमध्ये मातीच्या विटांची ही टेकडी, इन्कांच्याही आधीची. विटा फडताळातल्या पुस्तकांसारख्या उभ्या रचल्यात, म्हणजे भूकंपात हलाव्यात पण ढासळू नयेत. हे सगळं कुंपणाबाहेरून पाहिलं. फाटकावरचा माणूस म्हणाला, "मार्तेस, सेर्रादो." मंगळवारी बंद! सोमवारी न्हावी बंद हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं ना, तसंच असणार इथे. अडाणी मीच.

मग मेत्रोपोलितानो बस. पुण्याच्या बीआरटीची थोरली बहीण. रोख पैसे चालत नाहीत, कार्डाच्या यंत्रापुढे मारुतीची शेपूट. शेवटी एका आजींनी आपलं कार्ड टेकवून मला आत घेतलं आणि पैसे मोजून घेतले. दिवसभरात माझ्यासाठी उघडलेलं दार हे एवढंच.

प्लाझा मायोरला पोचलो तर मोर्चामुळे चौक बंद. लोखंडी कठडे, पलीकडे ढाली घेतलेले पोलीस, त्यांच्या डोक्यांवरून कॅथेड्रलचे दोन मनोरे. आत पिसारोची कबर आहे. १५३५ साली हे शहर वसवणारा तोच. गंमत ऐक. १८९१ पासून लोक काचेच्या पेटीतला एक वाळलेला देह पिसारोचा म्हणून बघत होते. १९७७ मध्ये तळघरात शिशाची पेटी सापडली, त्यावर त्याचं नाव! आधीचा भलताच कोणीतरी. म्हटलं, तिकीट काढून फसण्यापेक्षा फुकट बाहेर उभं राहिलेलं काय वाईट?

पण पोटाला हे कोण सांगणार? सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, इथे दुपारीच खातात. मी पाचला गेलो तेव्हा पोऱ्या टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकत होता. मासळीचा वास मात्र पोटभर मिळाला.

निदान समुद्र तरी, म्हणून कड्यावर गेलो. हिवाळ्यातल्या इथल्या आभाळाला 'पान्सा दे बुर्रो' म्हणतात, गाढवाचं पोट. अगदी तसंच, करडं आणि टेकलेलं. वाळवंटातलं शहर असून चष्मा सारखा ओला. पॅसिफिक खाली गाजत होता, दिसला नाही.

उद्या पहाटे विमान. आईला फोनवर "खूप पाहिलं" म्हणून सांगितलंय, तेव्हा हे पत्र तिच्यापुढे वाचू नकोस. आणि मी येईन त्या रविवारी वहिनींना सुरमई आणायला सांग.

तुझा,
नंदू